सरपंच नसलेलं गाव: आयर्लंडमधलं खेडं चालतं तरी कसं?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला क्लेअर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. तिच्या उत्तर भागात किल्फेनोरा हे गाव आहे. वस्ती दोनशेच्या आसपास. थोडीशी दुकानं, पब, बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं एक कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, आणि त्याच्या आवारात दगडात कोरलेले उंच क्रॉस. डब्लिन किंवा कॉर्कला राहणारी मराठी मंडळी सुट्टीत मोहेरचे समुद्रकडे बघायला जातात, तेव्हा त्यांची गाडी याच भागातून जाते. कडे इथून वीसेक किलोमीटरवर आहेत. बहुतेक जण किल्फेनोराला थांबत नाहीत.

मला हे गाव फार महत्त्वाचं वाटतं. इथला वाद्यवृंद 1909 साली सुरू झाला आणि तो आजही वाजतो आहे. परिसराची ओळख करून देणारं इथलं केंद्र 1975 पासून गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेनेच चालवलं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी गुरं चारण्याची जुनी पद्धत अशी जपली की युरोपभरातले अभ्यासक ती बघायला येतात. आणि या गावाला ना सरपंच आहे, ना ग्रामपंचायत, ना ग्रामसेवक, ना स्वतःचा अर्थसंकल्प.

मग दिवे, पाणी, खेळाचं मैदान, स्मशानभूमी, म्हाताऱ्यांची देखभाल, सगळं चालतं कसं? आयर्लंडमधलं खेडं समजून घ्यायचं तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

गावाच्या नावावर सत्ता शून्य

महाराष्ट्रात जवळपास 28 हजार ग्रामपंचायती आहेत, त्यामुळे गाव म्हटलं की पंचायत आलीच असं आपण धरून चालतो. आयर्लंडमध्ये तसं नाही. 2022 च्या जनगणनेत 51 लाख लोकसंख्या असलेल्या या देशात स्थानिक स्वराज्य संस्था आहेत फक्त 31, म्हणजे काउंटी आणि शहरांच्या परिषदा. छोट्या नगरांच्या 80 परिषदा होत्या, त्याही 2014 मध्ये बंद झाल्या. सव्वा लाखावर लोकसंख्येच्या क्लेअरमध्ये निवडून आलेले सदस्य 28. किल्फेनोरासारख्या गावाच्या वाट्याला त्यातला एकही हक्काचा येत नाही.

बरं, या परिषदांच्या हातातही फार काही नसतं. रस्ते, बांधकामाची परवानगी, ग्रंथालयं, अग्निशमन, काही घरकुलं, एवढंच. शिक्षकांचे पगार थेट डब्लिनच्या शिक्षण खात्यातून होतात. आरोग्य आणि पोलीस या राष्ट्रीय यंत्रणा आहेत. सार्वजनिक पाणीपुरवठाही एका राष्ट्रीय कंपनीकडे आहे.

जी जागा रिकामी राहते ती समित्या भरतात. खेळाच्या क्लबची समिती, सभागृहाची समिती, पाणी योजनेची, दफनभूमीची, शाळेचं व्यवस्थापन मंडळ, गाव सुंदर ठेवणारी समिती, संशयास्पद गाडी दिसली की सगळ्यांना मेसेज पाठवणारी सुरक्षा समिती. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, सगळे बिनपगारी. दोनशे वस्तीच्या गावात अशा आठ-दहा समित्या म्हटल्यावर तीच वीस-पंचवीस माणसं सगळीकडे दिसणार हे ओघानेच आलं. एका समितीचा खजिनदार दुसऱ्या समितीचा सचिव असतो आणि तिसऱ्या समितीच्या बैठकीला चहा तोच करतो.

हे काम हौसेचं असलं तरी ढिलाईचं नाही. सार्वजनिक जागेचा विमा काढावा लागतो. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल तर दरवर्षी हिशेब सादर करावे लागतात. सरकारी किंवा युरोपीय अनुदान मिळतं, पण बहुतेक वेळा काही टक्के रक्कम गावाने उभी करायची असते. ती उभी राहते सोडतीच्या तिकिटांतून, घरी केलेल्या केकच्या विक्रीतून, आणि रविवारी चर्चच्या फाटकावर डबा धरून जमवलेल्या वर्गणीतून. त्या डब्यासाठीसुद्धा पोलिसांचा परवाना लागतो.

पॅरिश आणि टाउनलँड

आपल्याला गाव म्हटलं की एकमेकांना खेटलेली घरं आठवतात. आयरिश खेड्यात चौकाभोवती थोडी घरं असतात, बाकीची शेतांमधून, रस्त्यांच्या कडेने दूरदूर विखुरलेली. चौकात दोनशे माणसं राहत असली तरी ‘आमचं गाव’ म्हणणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त असतात.

त्यांना बांधून ठेवणाऱ्या दोन चौकटी आहेत. पहिली टाउनलँड. नावात टाउन असलं तरी हा शेतजमिनीचा तुकडा असतो, सरासरी सव्वातीनशे एकरांचा. संपूर्ण बेटावर असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. यातली बहुतेक नावं इंग्रजी सत्तेच्याही आधीपासूनची आहेत. ग्रामीण घरांना क्रमांक नव्हते, रस्त्यांना बहुधा नावं नव्हती. माणसाचं नाव, टाउनलँड आणि जवळचं मोठं गाव एवढाच पत्ता. एकाच टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची चार घरं असली तरी पत्र बरोबर पोचायचं, कारण पोस्टमनला घरं ठाऊक असायची. 2015 मध्ये प्रत्येक घराला सात अक्षर-अंकांचा स्वतंत्र कोड मिळाला, तेव्हा कुठे रुग्णवाहिकेच्या आणि कुरियरच्या चालकाचं काम सोपं झालं.

दुसरी चौकट पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला परिसर. खरं गाव तेच. माणूस कुठल्या शाळेत जाणार, कुठल्या क्लबकडून खेळणार, कुठल्या मातीत पुरला जाणार, हे पॅरिशवरून ठरतं. चर्चवरचा विश्वास मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खूप ओसरला आहे. मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं आणि ती दडपल्याचे पुरावे बाहेर आले, त्याची चीड रास्तच आहे. स्वतःला कॅथलिक म्हणवणाऱ्यांचं प्रमाण 2022 च्या जनगणनेत 69 टक्क्यांवर आलं. धर्मगुरूही कमी पडतात. एकेकाकडे दोन-तीन पॅरिश असतात. पण प्रार्थनेला न जाणारा माणूससुद्धा स्वतःची ओळख पॅरिशनेच सांगतो. चौकट टिकली, तिच्या आतला आशय बदलला.

किल्फेनोराची आणखी एक गंमत आहे. इथे कॅथेड्रल आहे, आणि 1152 च्या धर्मसभेत या चिमुकल्या भागाला स्वतःचा बिशप असण्याचा मान मिळाला होता. पुढे हा भाग गॉलवेच्या बिशपकडे सोपवला गेला, पण पूर्ण विलीन झाला नाही. गॉलवेचा बिशप इथे फक्त प्रशासक. त्यामुळे आमचा बिशप म्हणजे साक्षात पोप, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात.

वीज आली ती घरोघर फिरून

समित्यांची ही सवय कशी मुरली, याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे वीज. ग्रामीण विद्युतीकरण 1946 साली सुरू झालं. वीज मंडळाने कामाचा एकक म्हणून पॅरिश धरला, आणि ज्या पॅरिशमधली जास्तीत जास्त घरं जोडणी घ्यायला तयार होतील तिथे आधी तारा न्यायच्या असं ठरवलं. मग प्रत्येक पॅरिशमध्ये समिती झाली. धर्मगुरू, शिक्षक, तरुण मुलं घरोघर जाऊन सह्या गोळा करू लागली. काही जण सही करायचे आणि खांब उभे राहिल्यावर मागे हटायचे. स्थिर आकाराची भीती, आगीची भीती. त्यांना पुन्हा समजवायला तीच मंडळी जायची. केरी काउंटीतल्या ब्लॅक व्हॅलीसारख्या दुर्गम दरीत वीज पोचायला 1970 चं दशक उजाडलं.

पाण्याचंही तसंच. सरकारी नळ शहरापुरता आला, तेव्हा 1960 च्या दशकापासून शेजाऱ्यांनी एकत्र येऊन विहीर किंवा तळं शोधलं, वर्गणी काढली, आणि अनेक ठिकाणी चर स्वतः खणून पाइप टाकले. या सामूहिक पाणी योजना आजही देशभर शेकड्यांनी आहेत आणि त्यांचे मालक तेच गावकरी आहेत. मात्र चांगुलपणाने पाणी शुद्ध होत नाही. क्लेअरसारख्या चुनखडीच्या प्रदेशात पावसाचं पाणी मातीतून गाळलं न जाता खडकाच्या भेगांतून थेट खाली जातं, आणि शेणखतातले जंतूही सोबत जातात. 2002 मध्ये युरोपीय न्यायालयाने या योजनांच्या पाण्याच्या दर्जावरून आयर्लंडला दोषी धरलं. त्यानंतर सरकारी पैशातून शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली. स्वयंसेवेला तंत्रज्ञान आणि सरकारचा पैसा लागतोच, हा धडा त्यातून अनेकांनी घेतला.

नाच स्वयंपाकघरातून सभागृहात

किल्फेनोराचा वाद्यवृंद 1909 साली उभा राहिला तो गावच्या चर्चवरचं कर्ज फेडायला पैसे हवे होते म्हणून. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरायची छोटी भात्याची पेटी, पुढे बँजो, अकॉर्डियन, पियानो आणि ड्रम. या प्रकारच्या वृंदाला तिथे केली बँड म्हणतात, आणि हा देशातला सर्वांत जुना केली बँड मानला जातो.

त्या काळी नाच व्हायचे घराघरांतल्या स्वयंपाकघरांत. फरशीवर चार जोड्या समोरासमोर उभ्या राहायच्या, एक-दोन वादक कोपऱ्यात बसायचे, आणि पायांचा ठेका हाच ताल. क्लेअरमध्ये हे नाच लोकांच्या अंगात भिनलेले होते. 1935 मध्ये सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. मोठ्या नृत्यगृहांवर अंकुश ठेवायचा हा त्याचा हेतू, पण पोलिसांनी आणि धर्मगुरूंनी तो घरातल्या नाचांवरही उगारला. नाच मग पॅरिशच्या सभागृहात गेला. तिथे प्रवेश फी, धर्मगुरूंची नजर आणि ठरलेली वेळ.

स्वयंपाकघरात एक फिडल पुरायची. शंभर माणसांच्या सभागृहात, पायांच्या आवाजात ती ऐकूच येईना. म्हणून वादक वाढले, पियानो आणि ड्रम आले, आणि दहा जणांनी एकच चाल एका सुरात, एका दमात वाजवायची शिस्त आली. आज ज्याला अस्सल परंपरा म्हणून टाळ्या मिळतात त्या आवाजाला असं एका कायद्याने वळण दिलं. घराघरांतलं कितीतरी संगीत त्या कायद्यामुळे मुकं झालं, याची हळहळही वाटते.

किल्फेनोराचा सुवर्णकाळ म्हणजे 1950 चं दशक. पियानोवादक किटी लिनान यांच्या नेतृत्वाखाली बँडने 1954, 1955 आणि 1956 अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पूर्व क्लेअरच्या टल्ला गावच्या बँडशी त्यांची चुरस अशी की निकालाच्या दिवशी अख्खी काउंटी दुभंगलेली असायची. 1993 ते 1995 अशी तीन वर्षं पुन्हा किल्फेनोरा जिंकलं, आणि त्यात वाजवणाऱ्यांपैकी काही जण जुन्या वादकांच्याच घरातले होते. वादक शिकतो तो शेजारच्या घरात, आजोबांच्या मांडीपाशी, ऐकून ऐकून.

हिवाळ्यात गुरं डोंगरावर

आता शेतीकडे वळू, कारण माझ्या मते या गावाकडून जगाने घ्यावी अशी सर्वांत मोठी गोष्ट इथे आहे. किल्फेनोराच्या उत्तरेला बरेन नावाचा प्रदेश सुरू होतो. राखाडी चुनखडीचे उघडे कातळ, त्यात खोल भेगा, आणि त्या भेगांतून उगवणारी फुलं. आल्प्समध्ये दिसणारी गर्द निळी जेन्शियन आणि भूमध्य समुद्राकडची ऑर्किड इथे शेजारी शेजारी फुलतात.

जगात बहुतेक डोंगराळ भागांत गुरं उन्हाळ्यात वर नेतात आणि थंडी पडली की खाली आणतात. बरेनमध्ये उलटं. ऑक्टोबरच्या अखेरीला गुरं डोंगरावर चढतात आणि वसंतात उतरतात. याचं कारण खडकात आहे. चुनखडी उन्हाळाभर ऊब साठवते आणि थंडीत ती हळूहळू सोडते. पाणी भेगांतून निघून जात असल्याने पायाखाली चिखल होत नाही. त्याच दिवसांत खालची शेतं पाण्याने फुगलेली असतात. उन्हाळ्यात मात्र वरचे झरे आटतात, गुरांना प्यायला पाणी उरत नाही.

हिवाळाभर गुरं वरचं वाळलेलं जाड गवत खाऊन टाकतात. वसंतात जमिनीवर ऊन पोचतं आणि इवल्या रोपांना वाढायला जागा मिळते. फुलं येतात तेव्हा गुरं खाली गेलेली असतात. म्हणजे ही फुलं रानटी असली तरी ती टिकली आहेत शेतकऱ्याच्या वेळापत्रकावर.

हे चक्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडायला लागलं. युरोपीय अनुदान जनावरांच्या संख्येवर मिळू लागलं, आधुनिक गोठे आले, सायलेज म्हणजे मुरवलेला हिरवा चारा आला. काही शेतकऱ्यांनी गुरं वर नेणंच सोडलं. काहींनी वर नेली पण सायलेजही वरच नेऊन टाकला. मग गुरं त्या ढिगाभोवतीच उभी राहत, तिथे चिखल आणि शेण साचून झऱ्यांचं पाणी नासे, आणि जिथे ती फिरकत नव्हती तिथे हेझलची झुडपं माजत. सुरुवातीला निसर्गरक्षणाची भाषा ‘चराई कमी करा’ अशी होती. शेतकरी सांगत होते, कमी चराईनेच नुकसान होतंय. 1990 च्या दशकातल्या अभ्यासाने शेतकऱ्यांचं म्हणणं बरोबर ठरवलं.

2005 साली वीस शेतांवर प्रयोग सुरू झाला आणि त्यातून पुढे तीनशेहून अधिक शेतकऱ्यांची योजना उभी राहिली. तिची रीत साधी होती. सल्लागार शेतकऱ्यासोबत शेतात फिरायचा. गवत किती उंच, जुन्या गवताचा थर किती साचलाय, चारा टाकतात तिथली जमीन किती उखडलीय, झऱ्याकाठी काय हाल आहेत, झुडपं कुठवर सरकली, हे बघून त्या शेताला दहापैकी गुण द्यायचे. गुण जास्त तर पैसे जास्त, फारच कमी गुण असतील तर काहीच नाही. गुण वाढवायचे कसे हे शेतकऱ्याने ठरवायचं. दगडी गडगे दुरुस्त करायला, पाण्याचे हौद बसवायला, झुडपं तोडायला वेगळा निधी, त्यात शेतकऱ्याचाही वाटा.

यातला बदल लहान वाटतो, पण फार खोल आहे. आधीच्या योजना ‘हे करू नका’ यासाठी पैसे द्यायच्या. इथे शेतकऱ्याला निकालाचे पैसे मिळाले, आणि निकाल कसा आणायचा ते ज्ञान त्याच्याकडेच आहे हे मान्य झालं. चार-पाच वर्षांत शेतकरी एकमेकांना ‘तुझ्या वरच्या शेताला किती गुण पडले’ असं विचारू लागले. 2023 पासून ही योजना देशव्यापी योजनेत सामावली गेली. नव्या योजनेतले पैसे अनेकांना फार उशिरा मिळाले आणि त्यावरून शेतकऱ्यांचा राग झाला, तो मला योग्यच वाटतो.

शेतीचं अर्थकारण कोरडं पण महत्त्वाचं आहे. या भागातली मुख्य शेती म्हणजे गाई पाळून वासरं विकणं. देशाच्या कृषी पाहण्यांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की अशा शेतांचं निव्वळ उत्पन्न आणि त्यांना मिळणारं अनुदान जवळपास सारखंच असतं. म्हणजे अनुदान काढलं तर हातात फारसं काही उरत नाही. म्हणूनच नवरा किंवा बायको, किंवा दोघंही, बाहेर नोकरी करतात आणि गुरांचं काम पहाटे आणि संध्याकाळी उरकतात.

मैदान

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, 1884 साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी मायकल क्युसॅक यांचा जन्म 1847 साली याच बरेनमधल्या कॅरन गावचा. लाकडी काठीने चेंडू मारायचा हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे मुख्य खेळ. क्लेअरच्या पूर्वेला हर्लिंगचं वेड, पश्चिमेला फुटबॉलचं.

खेळाडू आपल्या पॅरिशच्या क्लबकडून खेळतो. त्याला पगार नसतो. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळणारा खेळाडूसुद्धा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा सुतारकामाला हजर असतो. 2024 मध्ये क्लेअरने जादा वेळेत कॉर्कला एका गुणाने हरवून हर्लिंगचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा टीव्हीवर दिसणारा प्रत्येक मुलगा कुठल्या ना कुठल्या पॅरिशचा ‘आपला’ होता.

पॅरिशमध्ये मुलं कमी झाली की हे सगळ्यात आधी मैदानावर कळतं. पंधरा जणांचा संघ भरत नाही. मग शेजारच्या पॅरिशसोबत, ज्यांच्याशी शंभर वर्षं वैर जपलं त्यांच्यासोबत, मुलांचा संयुक्त संघ करावा लागतो. शाळेचंही तसंच आहे. 30 सप्टेंबरची पटसंख्या पाहून पुढच्या वर्षी किती शिक्षक मिळणार हे ठरतं. छोट्या शाळेत एखादं कुटुंब गाव सोडून गेलं तरी एक शिक्षक कमी होऊ शकतो.

मयताच्या दिवशी

गाव म्हणजे काय हे बघायचं असेल तर तिथल्या मयताला जावं. सकाळी स्थानिक रेडिओवर निधनवार्ता वाचल्या जातात, आणि हातातलं काम थांबवून लोक त्या ऐकतात. आता त्यासाठी एक वेबसाइटही आहे आणि परदेशात गेलेली मुलंसुद्धा ती रोज उघडतात. दफन दोन-तीन दिवसांत होतं.

तोवर शेजारी घराचा ताबा घेतात. कुणी सँडविचचे ट्रे आणतं, कुणी खुर्च्या, कुणी मोठी चहाची किटली. दोन जण पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर गाड्या लावून घेतात. मेलेला माणूस शेतकरी असेल तर त्याच्या गुरांचं चारापाणी कुणीतरी न सांगता केलेलं असतं. अनेक गावांत कबरही शेजारीच खणतात. संध्याकाळी रांग लागते. शवपेटीपाशी क्षणभर थांबायचं, मग घरच्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन तेच एक जुनं वाक्य, ‘तुमच्या दुःखात आहोत.’ दुसरं काही बोलावं अशी अपेक्षाच नसते, आणि त्यामुळे कुणी अवघडत नाही. क्लबचा जुना खेळाडू असेल तर क्लबचे कपडे घातलेली मुलं दोन्ही बाजूंनी उभी राहून त्याला मान देतात. महिन्याने त्याच्यासाठी पुन्हा प्रार्थना होते, आणि पुन्हा सगळे येतात.

पबचा परवाना शहरात जातो

पबबद्दल बाहेर फार रंगवून बोललं जातं. दारू हा तिथला खरा आणि दुखरा प्रश्न आहे, तो झाकू नये. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला दिवसातून एकदा माणसाचा आवाज ऐकायला मिळण्याची जागाही तीच होती. 2005 पासून आजवर देशात सुमारे दोन हजार पब बंद पडले, आणि सर्वाधिक फटका ग्रामीण भागाला बसला.

एक कारण कायद्याच्या रचनेत आहे. नवीन पब किंवा दारूचं दुकान काढायचं तर आधी अस्तित्वात असलेला एक परवाना रद्द करावा लागतो. त्यामुळे परवान्याला बाजारभाव येतो. खेड्यातला पब चालेनासा झाला की मालक परवाना विकतो आणि तो दूरच्या शहरातल्या सुपरमार्केटच्या नावे जमा होतो. गावातला पब एकदा गेला की तो परत उघडणं जवळपास अशक्य होऊन बसतं.

दुसरं कारण रस्त्यावरचं. 2011 मध्ये वाहनचालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 80 वरून 50 मिलिग्रॅमवर आणली, 2018 मध्ये शिक्षा आणखी कडक झाली. या कायद्यांनी जीव वाचवले आहेत, ते हवेतच. पण जिथे संध्याकाळी ना बस ना टॅक्सी, तिथे घरी जायचं कसं याचं उत्तर कायद्यासोबत आलं नाही. ग्रामीण बससेवा आता वाढते आहे, काही मार्गांवर रात्रीही.

माणसं कुठून आणायची

1841 साली क्लेअरमध्ये 2 लाख 86 हजार माणसं होती. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने आणि त्यानंतर शंभर वर्षं चाललेल्या स्थलांतराने 1960 च्या दशकात ती 75 हजारांच्याही खाली गेली. 2022 मध्ये ती 1 लाख 28 हजार होती, पण वाढ मुख्यतः एनिस शहर आणि शॅनन विमानतळाच्या बाजूला झाली.

छोट्या गावात राहायला तयार माणसं आहेत. घरं नाहीत. अनेक गावांत सांडपाणी शुद्ध करण्याची पुरेशी सोय नसल्याने नवीन घरांना परवानगी मिळत नाही, आणि दुसरीकडे जुनी घरं ओस पडलेली असतात. अशा रिकाम्या घराच्या दुरुस्तीला 2023 पासून 50 हजार युरोपर्यंत, घर मोडकळीला आलं असेल तर 70 हजारांपर्यंत अनुदान मिळतं. किल्फेनोराशेजारच्या लिस्डूनवार्नामध्ये 2022 साली युक्रेनचे निर्वासित आले तेव्हा त्यांची संख्या गावच्या मूळ वस्तीच्या तोडीस तोड झाली. दवाखान्यावर ताण आला, शाळेत मुलं आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

समित्यांना हात पुरवणारी एक सरकारी योजना इथे फार मोलाची ठरली आहे. ज्यांचं शेतीत भागत नाही अशा अल्प उत्पन्नाच्या शेतकऱ्यांना 2004 पासून आठवड्याला साडेएकोणीस तास गावकामासाठी मोबदला मिळतो. दफनभूमीतलं गवत कापणं, मैदानाच्या रेषा आखणं, म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवणं. शेतकऱ्याला आधार होतो आणि सचिवाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. ही योजना आणखी वाढवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

कडे बघायला निघालात तर किल्फेनोराला तासभर काढा. कॅथेड्रलच्या एका भागावर काचेचं छत घालून त्याखाली जुने क्रॉस ठेवले आहेत; डोर्टी क्रॉस नावाचा बाराव्या शतकातला क्रॉस त्यातला सर्वांत देखणा. निळी जेन्शियन बघायची तर मे महिन्यात जा. गुरं वर जाताना बघायची असतील तर ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी असते, तिला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी बरेनमध्ये हिवाळी चराईचा उत्सव भरतो. तेव्हा गुरांच्या कळपामागून सगळ्यांना डोंगरावर चालत जाता येतं. पायात बूट चांगले असू द्या, वाट दगडांची आहे.